वेशीवरचे दोन पहारेकरी

सप्टेंबर १६६६मध्ये लंडनच्या पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत आग लागली. ती चार दिवस धुमसत राहिली आणि तेरा हजारांहून अधिक घरं खाक झाली. शहर पुन्हा उभारताना कायदा करण्यात आला : घरं लाकडाची नकोत, विटांची किंवा दगडाची हवीत आणि दोन घरांमधली सामाईक भिंत ठरावीक जाडीची हवी. इथे टेरेस्ड घरात राहणाऱ्या आणि एक्स्टेन्शन काढताना शेजाऱ्याला ‘पार्टी वॉल’ची नोटीस देणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी त्या कायद्याचा एक वारसा नकळत पाळलेला आहे. शेजारची आग आपल्या घरात शिरू नये म्हणून बांधलेली भिंत, ती फायरवॉल.

संगणकवाल्यांनी हा शब्द १९८०च्या दशकाच्या अखेरीस उचलला. पण त्यांच्या भिंतीला विटांच्या भिंतीपेक्षा एक गोष्ट जास्त लागते, ती म्हणजे दरवाजा. भिंत नुसतीच असती तर आतल्या माणसाला बाहेरच्या जगाशी बोलताच आलं नसतं.

आपल्या मंडळात आयटीत काम करणारे पुष्कळ आहेत आणि हॉस्पिटलांत काम करणारेही. दोघांचंही रोजचं काम या दरवाजातून जातं. बाहेरून आत येणाऱ्याची चौकशी का करायची, हे सोसायटीच्या वॉचमनलाही सांगावं लागत नाही. पण आतून बाहेर जाणाऱ्याची चौकशी का करायची? एका दारावर दोन पहारेकरी कशाला? आणि वेगवेगळ्या वाड्यांत राहणाऱ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांनी एकाच वेशीतून का बाहेर पडायचं? या तीन प्रश्नांची उत्तरं गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत सापडत गेली. त्यांतली काही बरीच महाग पडली.

दार नसलेलं अंगण

इंटरनेटचा पूर्वज म्हणजे अमेरिकेतलं अर्पानेट. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यावरून पहिला संदेश गेला. १ जानेवारी १९८३ रोजी त्या जाळ्यानं आज आपण वापरतो ती टीसीपी-आयपी पद्धत स्वीकारली. त्या काळी जाळ्यावर विद्यापीठं, प्रयोगशाळा आणि संरक्षण खात्याशी संबंधित संस्था होत्या. बहुतेक लोक एकमेकांना नावानं ओळखत. प्रत्येक संगणकाला आपला स्वतंत्र पत्ता होता आणि कोणताही संगणक दुसऱ्या कोणत्याही संगणकाशी थेट बोलू शकत होता. कोकणातल्या जुन्या घरांचं पुढचं दार दिवसभर उघडं असे, तसाच हा मामला.

२ नोव्हेंबर १९८८च्या संध्याकाळी ते दार पहिल्यांदा आपटलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्यानं एमआयटीतल्या एका संगणकावरून एक प्रोग्रॅम सोडला. तो स्वतःच्या प्रती काढत एका यंत्रावरून दुसऱ्यावर जात राहिला. त्या वेळी जाळ्यावर साठ हजारांच्या आसपास संगणक होते. त्यांपैकी सुमारे सहा हजार यंत्रं बाधित झाली असावीत, असा अंदाज तेव्हा केला गेला. मॉरिसवर खटला झाला. त्याला तुरुंगवास झाला नाही, पण प्रोबेशन, दंड आणि समाजसेवेची शिक्षा झाली. त्याचे वडील संगणक सुरक्षेतले नामांकित तज्ज्ञ होते आणि अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीत काम करत होते, हा या प्रकरणातला एक चमत्कारिक योगायोग.

या घटनेनंतर दाराचा विचार गंभीरपणे सुरू झाला. डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत जेफ्री मोगल यांनी १९८९मध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचे पत्ते वाचून ‘सोडा’ किंवा ‘अडवा’ ठरवणारी व्यवस्था मांडली. बेल लॅब्समध्ये बिल चेसविक यांनी १९९०मध्ये आपल्या कंपनीच्या दाराची रचना प्रसिद्ध केली : एक यंत्र बाहेर, एक आत आणि दोघांमध्ये अगदी मोजका व्यवहार. आपल्याच व्यवस्थेतलं वैगुण्यही त्यांनी लपवलं नाही. बाहेरचं कवच कडक आहे पण आतला गाभा मऊ आहे, अशा अर्थाचं त्यांचं वर्णन पुढे या क्षेत्रात म्हणीसारखं वापरलं गेलं. ते वर्णन लक्षात ठेवावं. सत्तावीस वर्षांनंतर इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांत त्याचा प्रत्यय आला.

१९९४मध्ये इस्राएलच्या चेक पॉइंट कंपनीनं आपली फायरवॉल बाजारात आणली. तिची खुबी अशी की ती सुटं पाकीट पाहत नसे, संभाषण लक्षात ठेवत असे. आतून कोणी बाहेर काही विचारलं तर त्याची नोंद वहीत होई आणि बाहेरून उत्तर आलं की वहीत प्रश्न सापडतो का, ते पाहिलं जाई. सापडला तर प्रवेश, नाही तर बाहेरच. ही नोंदवही पुढच्या सगळ्या गोष्टीच्या केंद्रस्थानी आहे.

एक पत्ता, हजार बिऱ्हाडं

त्याच सुमारास दुसरं संकट उभं राहिलं. इंटरनेटचा पत्ता बत्तीस बिटांचा. त्यातून मिळणारे एकूण पत्ते ४२९ कोटींच्या आसपास. सुरुवातीच्या काळात ते मुक्तहस्ते वाटले गेले. एमआयटी, फोर्ड, आयबीएम यांना प्रत्येकी १ कोटी ६७ लाख पत्ते मिळाले. ब्रिटनच्या सामाजिक सुरक्षा खात्याकडेही तेवढाच मोठा गठ्ठा होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हिशेब मांडल्यावर लक्षात आलं की हे फार काळ पुरणार नाही.

उपाय निघाला तो असा. काही पत्ते कोणाच्याच मालकीचे नाहीत असं जाहीर करायचं. ज्याला हवे त्यानं ते आपल्या चार भिंतींच्या आत वापरावेत, बाहेर मात्र ते चालणार नाहीत. मार्च १९९४मध्ये हा प्रस्ताव आला आणि फेब्रुवारी १९९६मध्ये ‘आरएफसी १९१८’ या दस्तऐवजात पक्का झाला. तीन गट ठरले. आपल्या घरातल्या राउटरवर दिसणारा १९२.१६८नं सुरू होणारा पत्ता त्यांतल्याच एका गटातला. दुसरा १७२.१६पासूनचा. सर्वांत मोठा गट १०नं सुरू होणारा. हा दहा क्रमांक खुद्द अर्पानेटचा होता. १९९०मध्ये अर्पानेट बंद झालं आणि त्याचा क्रमांक मोकळा झाला. जिथे सगळे सगळ्यांशी थेट बोलत होते, त्या जाळ्याचाच क्रमांक आज जगभरातल्या बंद वाड्यांच्या आत वापरला जातो.

पण आतला माणूस बाहेर बोलणार कसा? मे १९९४मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी पत्ता बदलण्याची पद्धत लिहून काढली. तिला नॅट म्हणतात. पाकीट दारातून बाहेर पडताना पहारेकरी त्यावरचा आतला पत्ता खोडतो, वाड्याचा सार्वजनिक पत्ता लिहितो आणि वहीत नोंद करतो. उत्तर आलं की नोंद पाहून ते योग्य बिऱ्हाडात पोचवतो.

ज्यांनी भारतातल्या कचेऱ्यांत ईपीएबीएक्स पाहिलं आहे, त्यांना हे लगेच कळेल. बाहेरच्या जगाला एकच बोर्ड नंबर ठाऊक, आत दोनशे एक्स्टेन्शन. ही नुसती उपमा नाही. ज्या उपकरणानं ही पद्धत कंपन्याकंपन्यांत पोचवली त्याचं नाव होतं पिक्स, म्हणजे प्रायव्हेट इंटरनेट एक्स्चेंज आणि ते टेलिफोनच्या खासगी एक्स्चेंजवरूनच घेतलं होतं. जॉन मेझ आणि ब्रँटली कोइल यांच्या छोट्या कंपनीनं ते तयार केलं. १९९५मध्ये सिस्कोनं ती कंपनी विकत घेतली.

विरोधही झाला. जुलै १९९४मध्ये काही जाणकारांनी लेखी हरकत नोंदवली की खासगी पत्त्यांमुळे इंटरनेटचं मूळ तत्त्वच मोडेल. उद्या दोन संस्था एकत्र आल्या आणि दोघींनी आत तेच पत्ते वापरलेले असले तर काय करणार, असाही त्यांचा प्रश्न होता. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कंपन्यांच्या विलीनीकरणात काम केलेल्या कोणत्याही नेटवर्क इंजिनिअरला हा प्रश्न भेटलेला असतो. पण गरज तत्त्वापेक्षा मोठी ठरली. बत्तीस बिटांच्या पत्त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्ये वाटले गेले, तोवर जग नॅटवरच चाललं होतं.

दुसरा पहारेकरी आणि वहीची नक्कल

सगळी वर्दळ एका दारातून जाऊ लागली की ते दार बंद पडण्याची किंमत वाढते. पहारेकरी चक्कर येऊन पडला तर अख्खा वाडा कोंडला जातो. म्हणून दुसरा पहारेकरी हवा.

अडचण अशी, की आतल्या प्रत्येक संगणकाला बाहेर जाण्यासाठी एकच पत्ता सांगून ठेवलेला असतो. पहिला पहारेकरी पडला की हजारो यंत्रांना दुसऱ्याचा पत्ता कोण सांगणार? उत्तर साधं निघालं. पत्ता माणसाला न देता चौकीला द्यायचा. चौकीत आज कोण बसलं आहे, याच्याशी बिऱ्हाडकरूंना कर्तव्य नाही. मुख्य पहारेकरी ठरावीक वेळानं ‘मी आहे’ असं पुकारतो. ती हाक काही वेळ ऐकू आली नाही, की दुसरा चौकीत जाऊन बसतो. सिस्कोनं १९९४मध्ये यासाठी एचएसआरपी ही पद्धत आणली. १९९८मध्ये व्हीआरआरपी ही सर्वांसाठीची पद्धत आली. तिच्यात हाक दर सेकंदाला असते आणि तीन-एक सेकंद शांतता झाली की खांदेपालट होतो.

या साध्या कल्पनेवरून भांडणही झालं. सिस्कोचं म्हणणं होतं की व्हीआरआरपी आमच्या पेटंटच्या कक्षेत येते. कॅनडातून चालणाऱ्या ओपनबीएसडी या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला हे मान्य नव्हतं. त्यांनी स्वतःची वेगळी पद्धत लिहिली आणि मे २००४च्या आवृत्तीत कार्प या नावानं ती फुकट वाटली. अधिकृत यादीत तिला क्रमांक हवा होता, तो मिळाला नाही. तेव्हा त्यांनी सरळ व्हीआरआरपीचाच ११२ हा क्रमांक वापरायला घेतला. एकाच जाळ्यावर दोन्ही पद्धती असल्या की या क्रमांकामुळे इंजिनिअर आजही डोकं खाजवतात.

पण चौकीत माणूस बदलला एवढ्यानं भागत नाही. नव्या पहारेकऱ्याकडे वही कोरी असेल, तर बाहेरून येणारं प्रत्येक उत्तर तो परत पाठवेल. फोनवरचं बोलणं तुटेल, बँकेचा व्यवहार अर्ध्यावर राहील. म्हणून दोन फायरवॉलमध्ये वेगळी तार टाकून पहिल्याची वही दुसऱ्याकडे क्षणोक्षणी उतरवली जाते.

तीच तार तुटली तर आणखी एक धोका असतो. दोघेही जिवंत, पण एकमेकांची हाक ऐकू येत नाही. मग दोघेही स्वतःला मुख्य समजून त्याच पत्त्यावर हक्क सांगतात. मराठी वाचकाला दोन गाद्यांचा इतिहास समजावून सांगायला नको. जाळ्यात मात्र त्याचा निकाल काही मिनिटांत लागतो. कोणाचंच पाकीट धड पोचत नाही.

वेगळे वाडे, सामाईक वेस

आता तिसरा प्रश्न. या प्रश्नाशी आपल्या पिढीचं नातं जवळचं आहे. १९९१मध्ये भारत सरकारनं सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची संस्था उभी केली. तिच्या अगदी सुरुवातीच्या केंद्रांत पुणे होतं. सर्वसामान्य माणसाला इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलकडून मिळालं. सॉफ्टवेअर कंपन्यांचे उपग्रहामार्गे परदेशी जाणारे दुवे त्याच्या आधीपासून सुरू होते.

हिंजवडीत किंवा सीप्झमध्ये काम केलेल्यांना ‘ओडीसी’ हा शब्द आठवत असेल. एकाच इमारतीत एका मजल्यावर एका बँकेचं काम, दुसऱ्यावर तिच्या प्रतिस्पर्धी बँकेचं. कार्ड वेगळं, दार वेगळं, जाळं वेगळं. इकडच्या यंत्रावरून तिकडचं यंत्र दिसता कामा नये, ही ग्राहकाची पहिली अट. पण प्रत्येक मजल्याला बाहेर जाण्यासाठी स्वतंत्र लाइन आणि दोन-दोन फायरवॉल घ्यायच्या तर खर्च कोणाला परवडणार? म्हणून वाडे वेगळे ठेवून वेस सामाईक केली गेली. प्रत्येक जाळ्याचा बाहेरचा रस्ता त्याच जोडीकडे वळवला गेला.

कागदावर सोपी दिसणारी ही रचना तीन ठिकाणी फसते. एक, वेशीला सगळ्या वाड्यांचे रस्ते ठाऊक असतात. नियम नीट लिहिले नाहीत, तर एका वाड्यातला माणूस वेशीपर्यंत येऊन दुसऱ्या वाड्यात शिरतो आणि वेगळेपणा नावापुरता उरतो. दोन, दोन वाड्यांनी आत तेच पत्ते वापरलेले असतील तर उत्तर कोणत्या वाड्याला द्यायचं हे कळत नाही. तीन, दोन्ही पहारेकरी एकाच वेळी कामावर असले तर पाकीट एकाच्या दारानं जातं आणि उत्तर दुसऱ्याच्या दारानं येतं. दुसऱ्याच्या वहीत नोंद नसते, म्हणून तो ते टाकून देतो. यावर तोडगा म्हणजे जो पहारेकरी पाकीट सोडेल त्यानं त्यावर आपलाच पत्ता लिहायचा, म्हणजे उत्तर झक मारत त्याच्याकडेच येतं.

क्लाउड आल्यावर इमारत गेली, पण प्रश्न तसाच राहिला. अॅमेझॉननं २००९मध्ये भाड्याच्या संगणकांभोवती खासगी जाळं आखण्याची सोय दिली. मोठ्या संस्थांकडे बघता बघता अशी शेकडो जाळी झाली आणि त्या सर्वांची बाहेर जाणारी वर्दळ एका जागी आणून तपासण्याची गरज परत उभी राहिली. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ट्रान्झिट गेटवेनं ती वेस बांधणं सोपं केलं. तिथे हाक मारून चौकीत बसण्याची जुनी युक्ती चालत नाही. दुसऱ्या पहारेकऱ्याला क्लाउडकडे विनंती करून रस्त्याचा तक्ताच बदलून घ्यावा लागतो.

१२ मे २०१७

ब्रिटनमध्ये वेगळ्या वाड्यांचं सर्वांत मोठं गाव म्हणजे एनएचएस. १९९०च्या दशकात हॉस्पिटलं आणि जीपी जोडणारं खासगी जाळं उभारलं जात होतं, तेव्हाच डॉक्टरांच्या संघटनेनं, म्हणजे बीएमएनं, रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेबद्दल चिंता व्यक्त केली होती. केंब्रिजचे रॉस अँडरसन त्यांचे सल्लागार होते. १९९६मध्ये त्यांनी बीएमएसाठी सुरक्षेचं धोरण लिहिलं. सगळ्यांना एका जाळ्यात आणलं की आतल्या माणसांचीच संख्या अवाढव्य होते आणि खरा धोका आतून येतो, हा त्यांच्या मांडणीचा रोख होता. पुढे त्या जाळ्याची जागा एन३ या जाळ्यानं घेतली.

शुक्रवार, १२ मे २०१७. वॉनाक्राय नावाचा प्रोग्रॅम जगभर पसरला. तो संगणकातल्या फायलींना कुलूप घालून खंडणी मागत होता. मायक्रोसॉफ्टनं त्या छिद्राचं ठिगळ मार्चमध्येच दिलं होतं, पण ते सगळीकडे लावलेलं नव्हतं. इंग्लंडमधल्या २३६ ट्रस्टपैकी सुमारे ८० ट्रस्टना फटका बसला, जवळजवळ सहाशे जीपी सर्जरींनाही. रद्द झालेल्या अपॉइंटमेंटचा अंदाज १९ हजारांहून अधिक होता. पाच भागांमध्ये अपघात विभागात येणाऱ्या रुग्णांना लांबच्या हॉस्पिटलात जावं लागलं. आपल्या मंडळातल्या डॉक्टरांना आणि नर्सना तो शुक्रवार आठवत असेल.

नॅशनल ऑडिट ऑफिसनं त्याच वर्षी अहवाल दिला. त्यातला निष्कर्ष साधा होता. ठिगळ लावलेलं असो वा नसो, इंटरनेटकडे तोंड असलेल्या फायरवॉल नीट सांभाळल्या असत्या तरी बचाव झाला असता. प्रसार एन३ या आतल्या जाळ्यावरूनही झाला, अशीही नोंद त्यात आहे. कवच कडक, गाभा मऊ.

पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कमी लोकांना ठाऊक आहे. तो बाहेर जाणाऱ्या वर्दळीचा आहे. वॉनाक्राय काम सुरू करण्यापूर्वी एका लांबलचक, अर्थहीन नावाच्या पत्त्याला हाक मारून पाहत असे. उत्तर मिळालं तर तो गप्प बसे. डेव्हनमध्ये राहणाऱ्या मार्कस हचिन्स या बावीस वर्षांच्या तरुणाच्या ते नाव नजरेस पडलं. ते कोणाच्याच मालकीचं नव्हतं. त्यानं ते थोडक्या पैशांत नोंदवलं आणि जगभरातला प्रसार मंदावला.

मात्र ज्या संस्थांची बाहेर जाण्याची सगळी दारं कडेकोट होती, तिथल्या यंत्रांची हाक त्या पत्त्यापर्यंत पोचलीच नाही. त्यांना उत्तर मिळालं नाही आणि प्रोग्रॅमनं आपलं काम चालू ठेवलं. म्हणून ब्रिटनच्या नॅशनल सायबर सिक्युरिटी सेंटरला सांगावं लागलं की तो पत्ता अडवू नका, आपल्या यंत्रांना तिथपर्यंत जाऊ द्या.

रायगडाच्या हिरकणीची कथा आपण मुलांना सांगतो. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ होतं, म्हणून ती कडा उतरून गेली. आपण तिच्या धैर्याचं कौतुक करतो. पण त्या कथेत दरवाजा बाहेर जाणाऱ्यालाही बंद होता, हेही आहे. पहारेकऱ्यांनी नियम पाळला होता. नियम लिहिणाऱ्यानं दूध घालून परतणाऱ्या गवळणीचा विचार केला नव्हता.

वहीतली रेघ

वॉनाक्रायनंतरच्या वर्षांत एनएचएसनं ‘सिक्युअर बाउंडरी’ नावाची सामायिक सेवा सुरू केली. वेगवेगळ्या आरोग्य संस्थांची इंटरनेटकडची वर्दळ एका व्यवस्थेतून तपासली जावी, हा तिचा हेतू. म्हणजे पुन्हा वेगळे वाडे आणि सामाईक वेस. दुसरीकडे एक मोठा प्रवाह असा, की वेशीवर भरवसा ठेवूच नका, आत आलेल्या प्रत्येकाला प्रत्येक दारावर पुन्हा विचारा. गूगलनं आपल्यावरच्या २००९च्या हल्ल्यानंतर हाच मार्ग धरला. दोन्ही विचार आज शेजारी नांदताहेत.

आपली जी मुलं इथे वाढली आणि आता याच क्षेत्रात नोकरीला लागताहेत, त्यांना या इतिहासातून एक गोष्ट उपयोगी पडेल. दोन पहारेकरी ठेवल्यानं एकाच्या आजारपणाची सोय होते. पण दोघांच्या हातात नियमांची तीच यादी असते. यादीत चूक असेल तर ती दोघंही तितक्याच इमानानं पाळतात आणि दुसऱ्याकडे वहीची नक्कल होते तशी चुकीचीही होते. ते यंत्र कितीही महागाचं असलं तरी यादी माणूस लिहितो. बाहेर कोणाला, कशासाठी, किती वाजता जायचं असतं, हे त्याला वाड्यात फिरून, वॉर्डातल्या नर्सला आणि रिसेप्शनवरच्या बाईंना विचारूनच कळतं. हे विचारण्याचं काम मात्र दुसऱ्या पहारेकऱ्यावर टाकता येत नाही.